ताजमध्ये पहिल्यांदा राहताय? एका रात्रीच्या मुक्कामाची पूर्ण तयारी

गेटवे ऑफ इंडियाला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी घरांत एक फोटो सापडतो : पुढे कबुतरं, मध्ये आपली माणसं आणि मागे ताजचा घुमट. त्या घुमटाखाली आत काय आहे, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. पैशाचा प्रश्न असतोच. पण ज्यांना एखाद्या वर्षी, आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला किंवा स्वतःच्या निवृत्तीला, एक रात्र परवडू शकते, तेही दारापर्यंत जाऊन मागे फिरतात. "आपलं तिथे काय काम?" हा संकोच खर्चापेक्षाही आड येतो.

हा लेख अशा माणसांसाठी आहे. माझं म्हणणं स्पष्ट आहे. ताजमध्ये राहायचं तर ती जुनी वास्तू अनुभवायला राहायचं. गुबगुबीत गाद्या आणि संगमरवरी बाथरूम आता कोणत्याही मोठ्या शहरात मिळतात. इथे पैसे मोजायचे ते सव्वाशे वर्षांच्या भिंती, जिना आणि कॉरिडॉर यांच्या सहवासासाठी. एवढं मनाशी पक्कं केलं की खोली कोणती, वेळ कोणती, जेवायचं कुठे, ही उत्तरं आपोआप सुचत जातात.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आत बघायचं काय हेच कळत नाही

जमशेटजी टाटांनी बांधलेलं हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. समोरचा गेटवे त्यानंतर दोन दशकांनी आला. त्याचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. म्हणजे बोटीने मुंबईत येणाऱ्या माणसाला कित्येक वर्षं किनाऱ्यावर आधी ताजच दिसत होतं.

भारतीय असल्याने वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून टाटांनी ताज बांधलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. इतिहासाच्या अभ्यासकांना ती फारशी पटत नाही. मला जास्त पटतं ते त्या काळातल्या मुंबईचं चित्र : १८९६ मध्ये प्लेग आला, माणसं शहर सोडून पळाली, मुंबईचं नाव खराब झालं. अशा शहरात आपला पैसा ओतून जगात दाखवता येईल अशी वास्तू उभी करणं, हा मुंबईवर दाखवलेला विश्वास होता. जमशेटजींनी युरोपात फिरून हॉटेलसाठी स्वतः खरेदी केली. हॉटेल सुरू झाल्यावर जेमतेम पाच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, जर्मनीत त्यांचं निधन झालं.

दुसरी दंतकथा टॅक्सीवाल्यापासून गाइडपर्यंत सगळे सांगतात : नकाशा उलटा वाचला गेला, हॉटेल पाठमोरं बांधलं गेलं आणि आर्किटेक्टने आत्महत्या केली. हे साफ खोटं आहे. मूळ प्रवेशच शहराच्या बाजूने ठेवला होता, घोडागाड्या तिकडूनच यायच्या. त्या जागी आज पोहण्याचा तलाव आहे. आराखडा केला होता सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्यांचं निधन काम पूर्ण होण्याआधीच झालं आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते पुरं केलं. मुंबईची सर्वांत ओळखीची इमारत ज्यांनी पहिल्यांदा कागदावर उतरवली त्यांत एक मराठी माणूस होता, आणि त्याचं नाव आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आत गेलात की हे नाव आठवा. सोबत मुलं असतील तर त्यांनाही सांगा.

शेजारचा उंच टॉवर १९७० च्या दशकातला. पूर्वी त्या जागेवर ग्रीन्स हॉटेल होतं. आज 'ताज महाल पॅलेस' म्हणजे जुनी पॅलेस विंग आणि हा टॉवर असं दोन्ही मिळून. खोली निवडताना हा फरक फार महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी : तारीख

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. दर चढलेले असतात आणि ३१ डिसेंबरच्या रात्री गेटवेसमोर इतकी गर्दी होते की पोलीस रस्ते बंद करतात. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास गेटवेवर नौदलाचे कार्यक्रम असतात, तेव्हाही बंदोबस्त कडक असतो. जानेवारीतला मॅरेथॉनचा रविवार तसाच.

माझी पसंती जुलै-ऑगस्टला. दर खाली आलेले असतात, गेटवेवर गर्दी कमी असते, आणि खिडकीतून भरतीच्या लाटा कठड्यावर आपटताना बघणं हा पावसाळ्यातल्या मुंबईचा खरा थाट आहे. तोटा एवढाच की घारापुरीच्या आणि मांडव्याच्या बोटी तेव्हा बहुधा बंद असतात. थंडी आणि बोट दोन्ही हवं असेल तर जानेवारीच्या मध्यानंतरचे आठवड्याचे दिवस बघा. शनिवार-रविवारपेक्षा मंगळवार-बुधवार स्वस्त पडतो आणि हॉटेलात लग्नसमारंभांची धांदलही कमी असते.

दुसरी पायरी : खोली

वेबसाइटवर खोल्यांची लांबलचक यादी दिसते. गोंधळून जाऊ नका, आधी फक्त एक गोष्ट बघा : खोली पॅलेसमध्ये आहे की टॉवरमध्ये?

सगळ्यांत कमी दराच्या खोल्या बहुधा टॉवरमधल्या असतात. त्या उत्तम आहेत, वरच्या मजल्यांवरून बंदर सुरेख दिसतं. पण बरेच जण घाईत 'ताजमध्ये खोली' म्हणून टॉवरची बुक करतात आणि पोचल्यावर हिरमुसतात, कारण त्यांच्या मनात असतं ते सगळं पॅलेसमध्ये असतं : उंच छत, रुंद कॉरिडॉर, कमानी, मधला जिना.

दुसरा प्रश्न खिडकीचा. समुद्राकडची खोली शहराकडच्या खोलीपेक्षा बरीच महाग असते. बजेटमध्ये टॉवरची समुद्राकडची आणि पॅलेसची शहराकडची यांपैकी एकच बसत असेल, तर मी डोळे झाकून पॅलेसची घेईन. समुद्र आणि गेटवे खाली उतरून फुकट बघता येतात. पॅलेसच्या कॉरिडॉरमधून रात्री साडेदहाला, सगळं शांत झाल्यावर, आपल्या खोलीकडे चालत जाणं विकत घेतल्याशिवाय मिळत नाही.

समुद्राकडची घेतलीच, तर लक्षात ठेवा की हा पूर्वेचा किनारा आहे. मरीन ड्राइव्हला सूर्य मावळतो, इथे तो उगवतो. सकाळचा गजर लावून झोपा.

पॅलेसमधल्या 'क्लब' खोल्यांत न्याहारी आणि क्लब लाउंजची (या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या बैठकीची) सोय धरलेली असते. दर जास्त असतो. तुम्ही दुपारभर बाहेर भटकणार असाल तर त्याचा उपयोग नाही. वयस्कर आई-वडिलांना घेऊन निवांत बसायचं असेल तर हिशेब करून बघा, कधीकधी तेच परवडतं. सुइट्सबद्दल मी इथे फार लिहीत नाही, पण त्यांतला एक पंडित रविशंकरांच्या नावाचा आहे.

तिसरी पायरी : बुकिंग आणि खरा खर्च

हॉटेलच्या अधिकृत वेबसाइटवर दर बघा, मग एखाद-दोन प्रवासी साइटवर ताडून बघा. फरक थोडा असेल तर थेट हॉटेलकडेच बुक करा. तारीख बदलणं, विशेष विनंती करणं सोपं जातं. ताज समूहाचं न्यूपास सदस्यत्व आधी घेऊन ठेवलंत तर खर्चावर न्यूकॉइन्स, म्हणजे पुढच्या खर्चात वापरता येणारे गुण, जमा होतात. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या भलत्याच 'कस्टमर केअर' नंबरवर पैसे पाठवू नका. मोठ्या हॉटेलांच्या नावाने अशी फसवणूक चालते. कुणी खासगी यूपीआयवर आगाऊ रक्कम मागितली तर तिथेच थांबा.

आता कराचं बघू. रोजचा दर ७,५०० रुपयांच्या वर गेला की खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. पडद्यावर २५,००० दिसत असतील तर प्रत्यक्षात २९,५०० द्यावे लागतात. हॉटेलातल्या जेवणावरही १८ टक्केच धरा. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. म्हणून घरून निघतानाच बजेटचे तीन भाग करा : करासह खोली, करासह खाणं-पिणं, आणि टिप व टॅक्सी. खोलीच्या रकमेवर किमान चाळीस टक्के वेगळे ठेवले की दोघांना मेन्यूकार्ड उघडताना छातीत धस्स होत नाही.

'नॉन-रिफंडेबल' दर स्वस्त दिसतो. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्या मोहात पडू नका. थोडे जास्त देऊन रद्द करता येणारा दर घ्या. न्याहारी धरलेली आहे का, हेही तिथेच तपासा. नसेल तर आधीच जोडून घेतलेली बरी.

बुकिंग झालं की एक साधा ईमेल करा. प्रसंग काय आहे ते लिहा. आई-वडिलांना गुडघ्याचा त्रास असेल तर लिफ्टजवळची खोली मागा. जैन जेवण, उपवास, शेंगदाण्याची अॅलर्जी, सगळं आधी कळवा. निवासी पाहुण्यांसाठी असणाऱ्या हेरिटेज वॉकची वेळ विचारून नाव नोंदवा. हे शेवटचं विसरू नका, मुक्कामातला सगळ्यांत मौल्यवान तास तोच.

चौथी पायरी : पोचणं

विमानतळावरून आता मेट्रोची तिसरी मार्गिका थेट दक्षिण मुंबईत येते. हुतात्मा चौक स्टेशनला उतरा आणि तिथून टॅक्सी घ्या. सीएसएमटी किंवा चर्चगेटहून काळी-पिवळी टॅक्सी सोयीची. "ताज" एवढंच म्हटलं तरी चालतं, पण मुंबईत ताजची आणखीही हॉटेलं आहेत, म्हणून "गेटवेचं ताज" म्हणा. पुण्याकडून गाडीने येत असाल तर अटल सेतू आणि पुढे ईस्टर्न फ्रीवे असा रस्ता धरला की चेंबूर-सायनची कोंडी टळते. अलिबागकरांचं बरं आहे, मांडव्याची बोट गेटवेलाच लागते.

चेक-इन दुपारी दोनपासून असतं. बाराला पोचलात तरी हरकत नाही. बॅगा बेल डेस्कवर, म्हणजे सामान सांभाळतात तिथे, द्या, पावती घ्या आणि जेवून या. खोली लवकर तयार झाली तर फोन येतो.

दाराशी सुरक्षा तपासणी होते. गाडीची डिकी उघडतात, बॅगा एक्स-रे मशिनमधून जातात, माणसांना मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर हे आलं, आणि कुणी त्याबद्दल कुरकूर करू नये.

पाचवी पायरी : चेक-इन

प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं फोटो ओळखपत्र लागतं : आधार, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र. पॅन कार्डवर पत्ता नसतो म्हणून ते चालत नाही. खोलीच्या पैशांखेरीज काही रक्कम क्रेडिट कार्डावर 'ब्लॉक' करतात. ती कापली जात नाही, चेक-आउटनंतर सुटते. डेबिट कार्ड दिलंत तर पैसे परत दिसायला काही दिवस लागू शकतात, म्हणून शक्यतो क्रेडिट कार्ड न्या.

इथे मराठीत बोला. कर्मचाऱ्यांत मराठी बोलणारे भरपूर आहेत आणि आपण मराठीत सुरुवात केली की बोलणं सैल होतं. माझ्या आईने सामान घेऊन आलेल्या मुलाला "बाळा, जेवलास का?" असं विचारलं होतं. तो क्षणभर थबकला आणि म्हणाला, "आजी, ड्यूटी चारला सुटते, मग." त्यानंतर संध्याकाळपर्यंत आईला लॉबीत काही अडलं की कुणीतरी स्वतःहून पुढे येत होतं. मोठ्या हॉटेलात कसं वागायचं, असं मला लोक विचारतात. घरी आलेल्या पाहुण्याशी आपण जसं नीट बोलतो, तसं बोललं की पुरे.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. साडी, सलवार-कमीज, झब्बा, साधा शर्ट-पँट, सगळं शोभतं. संध्याकाळी रेस्टॉरंटमध्ये हाफ पँट आणि रबरी स्लीपर मात्र नको. तलावात उतरायला पोहण्याचा पोशाख लागतो, टी-शर्ट-बर्म्युडा चालणार नाही.

खोलीत गेल्यावर आधी बाथरूमचे नळ, एसी आणि खिडकी बघून घ्या. काही खटकलं तर बॅग उघडायच्या आधी रिसेप्शनला फोन करा. खोली बदलून मागण्यात कमीपणा नाही. पिण्याच्या पाण्याच्या ठेवलेल्या बाटल्या आणि चहा-कॉफीचं साहित्य मोफत असतं. मिनीबारमधल्या (खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या) प्रत्येक वस्तूचे पैसे लागतात. मुलं सोबत असतील तर हा फरक त्यांना पहिल्या पाच मिनिटांत समजावून सांगा.

सहावी पायरी : वास्तू बघणं

संध्याकाळी चार ते सात हा वेळ पूर्ण मोकळा ठेवा. खरेदी, नातेवाईक, जुहू, काही नको.

सुरुवात पॅलेसच्या मधल्या जिन्यापासून करा. पायथ्याशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. तिथे उभं राहून मान वर करा. जिना दोन्ही अंगांनी चढत जातो आणि मजल्यामागून मजला घुमटाकडे जातो. त्याला खालून आधाराचे खांब नाहीत. पायऱ्या भिंतीत रोवून बाहेर काढलेल्या आहेत, म्हणून तो अधांतरी वाटतो. खानसाहेब सोराबजी रतनजी हे बांधकामाचे कंत्राटदार, हा जिना त्यांचा. प्रत्येक मजल्याच्या गॅलरीला लोखंडी नक्षीचं रेलिंग आहे. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्याच्या कमानी तिरक्या दिसतात, तेव्हा या इमारतीत राजपूत, इस्लामी आणि युरोपीय वळणं कशी एकत्र नांदतात ते कळतं. आम्ही चढताना लिफ्ट घेतली आणि वरून खाली पायी आलो. म्हाताऱ्या माणसांसाठी हे सोपं, आणि घुमटाखालची पोकळी वरून बघणं जास्त भिडतं. आई दर मजल्यावर थांबून रेलिंगच्या वेलबुट्टीवर बोट फिरवत होती. वाड्यात वाढलेल्या माणसाला लोखंडाचं काम लगेच कळतं.

यानंतर चित्रं बघा. ताजचा कलासंग्रह मोठा आहे. एम. एफ. हुसेन यांचं काम लॉबीत सहज दिसतं, आणि संग्रहात वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या आपल्या मोठ्या चित्रकाराचंही काम आहे. कॉरिडॉरमध्ये जुनी छायाचित्रं, झुंबरं, गोव्याकडच्या चर्चमधल्या कलावस्तू दिसतात. हेरिटेज वॉकमध्ये मार्गदर्शक यातल्या बऱ्याच गोष्टी उलगडून सांगतात. पहिल्या महायुद्धात हेच हॉटेल ६०० खाटांचं रुग्णालय झालं होतं, हे कॉरिडॉरची रुंदी बघताना आठवा. सरोजिनी नायडू इथे राहायच्या, जिनांच्या पत्नी रत्तनबाई शेवटच्या काळात इथे राहत होत्या. राजकारणातल्या किती भेटीगाठी या भिंतींनी पाहिल्या असतील!

आणि लॉबीतल्या स्मारकापाशी थांबा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात या हॉटेलात ३१ जणांचा जीव गेला. त्यांची नावं तिथे कोरलेली आहेत. त्यांत पाहुणे आहेत तसे पाहुण्यांना वाचवताना गेलेले कर्मचारीही आहेत. त्या रात्री इथल्या लोकांना मागच्या वाटांनी पळून जाणं शक्य होतं, तरी कित्येक जण पाहुण्यांसाठी थांबले. टॉवर महिन्याभरातच, २१ डिसेंबर २००८ ला, पुन्हा उघडला. जळालेली पॅलेस विंग दुरुस्त व्हायला वेळ लागला. ती १५ ऑगस्ट २०१० ला सुरू झाली. नावं वाचा, हात जोडा. तिथे सेल्फी काढू नका. आणि कर्मचाऱ्यांना "तुम्ही तेव्हा होतात का?" असं विचारू नका. ज्यांना सांगायचं असतं ते आपणहून सांगतात.

इतर पाहुण्यांचे फोटो काढणं, लग्नाच्या हॉलमध्ये डोकावणं हेही टाळा. इमारतीचे घरगुती फोटो काढायला कुणी अडवत नाही, पण व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. २०१७ मध्ये या इमारतीच्या दर्शनी रूपाला ट्रेडमार्क मिळाला आहे, देशात इमारतीला मिळालेला तो पहिलाच.

सातवी पायरी : खाणं

सगळी जेवणं हॉटेलात घ्यायचा हट्ट नको. माझा सल्ला असा की दुपारचा चहा आणि सकाळची न्याहारी इथे घ्यावी, रात्रीचं जेवण खिशाप्रमाणे.

दुपारचा चहा सी लाउंजमध्ये. पॅलेसच्या पहिल्या मजल्यावर, खिडक्या थेट बंदराकडे. आठ-दहा दिवस आधी टेबल राखून ठेवा आणि खिडकीजवळचं मागा. मुंबईतल्या किती तरी घरांतली 'मुलगी बघण्याची' भेट या लाउंजमध्ये झाली आहे. आजही शेजारच्या टेबलावर दोन कुटुंबं जरा ताठ बसलेली दिसली तर ओळखून घ्या. इथली भेळ आणि शेवपुरी प्रसिद्ध आहे. चौपाटीची भेळ आणि ही यांची तुलना करू नका. इथे चव सौम्य असते, चिंचेचं पाणी बेताचं. पण चांदीच्या किटलीतला चहा, समोर बंदरातल्या बोटी आणि हातात भेळेची बशी, हे फक्त मुंबईतच जमू शकतं. हाय टी, म्हणजे चहासोबतचा हा फराळ, भरपेट असते, त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं ठेवा.

रात्रीसाठी पर्याय बरेच. गोल्डन ड्रॅगन १९७३ पासूनचं, सिचुआन पद्धतीचं चिनी जेवण. शामियाना सगळ्यांत मोकळंढाकळं, मुलं असतील तर तेच बरं. हार्बर बार १९३३ चा, शहरातला पहिला परवाना असलेला बार. मद्य घेत असाल तर राज्याचा नियम लक्षात ठेवा : बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकीसाठी २५. ड्राय डेला तिथेही मद्य मिळत नाही.

जेवण दोघांत वाटून मागवलं तरी कुणी नाक मुरडत नाही. "पाणी कोणतं?" असं विचारतील तेव्हा बाटलीबंद पाण्याचे पैसे लागतात, साधं पिण्याचं पाणी मोफत मागता येतं. बिलात सेवा शुल्क दिसलं तर ते सक्तीचं नसतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. टिप द्यायची तर ज्याने खरंच मनापासून केलं त्याच्या हातात द्या. सामान आणणाऱ्याला शंभर-दोनशे, खोली आवरणाऱ्यांसाठी निघताना तेवढेच पाकिटात, एवढं रीतीला धरून आहे.

बाहेर जेवायचं असेल तर मागच्याच गल्लीत बडेमियाँचे कबाब रात्री उशिरापर्यंत मिळतात. कुलाबा कॉजवेवर मारिओ मिरांडांच्या चित्रांनी भिंती भरलेलं कॅफे मोंडेगार आहे. गोंयकारांना तिथे गेल्यावर घरच्यासारखं वाटतं.

आठवी पायरी : सकाळ

सहाला उठा. तोंडावर पाणी मारून, चहा न घेताच खाली उतरा. दिवसभर ज्या चौकात पाय ठेवायला जागा नसते तिथे या वेळी झाडूवाल्या बायका आणि बोटींवरची ताडपत्री काढणारे खलाशी एवढेच असतात. गेटवेसमोरच्या बागेतला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ रोजी बसवलेला. त्याच्या पायथ्याशी उभं राहून मागे वळून ताजकडे बघा; कोवळं ऊन थेट दर्शनी भागावर पडतं आणि राखाडी दगडाचा रंग बदलतो. इमारतीचा फोटो काढायला दिवसातली हीच वेळ. दुपारनंतर सूर्य मागे जातो.

सातच्या पुढे न्याहारी. घाई करू नका, दीड तास द्या. इडली-डोसा आहेच, पण लाइव्ह काउंटरवर मागितलं तर बऱ्याच गोष्टी करून देतात. उपवासाचं काही हवं असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा. न्याहारीचे पदार्थ डब्यात भरून खोलीत नेऊ नयेत.

यानंतर तलावाकाठी थोडा वेळ बसा. तिथून तुम्हाला पॅलेसची शहराकडची बाजू दिसेल, म्हणजे मूळची पुढची बाजू. दोन पसरलेल्या पंखांच्या मधली ही जागा बघितली की इमारत पाठमोरी बांधल्याची गोष्ट किती पोकळ आहे ते डोळ्यांनी पटतं.

नववी पायरी : निघताना

चेक-आउट दुपारी बाराला. अकरालाच बिल मागवा आणि प्रत्येक ओळ वाचा : खोली, कर, रेस्टॉरंट, मिनीबार, लाँड्री. न घेतलेली वस्तू दिसली तर दाखवा, दुरुस्त करून देतात. ब्लॉक केलेली रक्कम सोडल्याची खात्री करा. जीएसटीचं बिल ईमेलवर मागवा.

खोलीतला साबण, शाम्पूच्या छोट्या बाटल्या न्यायला हरकत नसते. टॉवेल, बाथरोब, हँगर हॉटेलचे.

बॅगा बेल डेस्कवर ठेवा आणि चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, दहा-बारा मिनिटांचं अंतर आहे. रिगल सिनेमाच्या चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, पुढे काळा घोडा आणि जहांगीर आर्ट गॅलरी. काळा घोड्याजवळच वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची इमारत अजून उभी आहे. ताजमध्ये राहून आल्यावर ती आवर्जून बघावी. घारापुरीला जायचं असेल तर मात्र चेक-आउटच्या दिवशी नको, अर्ध्याहून जास्त दिवस जातो, आणि सोमवारी लेणी बंद असतात.

पुणेकरांसाठी डेक्कन क्वीन सीएसएमटीहून ५.१० ला सुटते. बॅगा घ्यायला चारलाच परत या आणि सव्वाचारपर्यंत टॅक्सीत बसा. ऑफिसं सुटायच्या सुमारास फोर्टमध्ये दोन किलोमीटरलाही अर्धा तास लागू शकतो.